धंद्याच्या पानाचा पत्ता : एकदाच ठेवा, विचार करून ठेवा



सहकारी कारखान्यांचा जुना पत्रव्यवहार ज्यांनी हाताळला आहे त्यांना आठवत असेल, की पत्राच्या मथळ्यावर एका कोपऱ्यात 'तार' असे छापलेले असे आणि त्यापुढे एकच शब्द असे. संस्थेचे पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा मिळून दोन ओळी होत. पण तारेचा पत्ता एका शब्दात मावे. कारण साधे होते. तारेला शब्दामागे पैसे पडत. पत्त्यातच दहा-बारा शब्द गेले तर निरोपाला काय उरणार? म्हणून संस्था, पेढ्या आणि अडते तार ऑफिसात फी भरून आपला एक शब्द नोंदवून ठेवीत. एकदा नोंदला की त्या ऑफिसात तो दुसऱ्या कोणाला मिळत नसे.

जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली आणि तारेचा पत्ताही गेला. पण अगदी त्याच जातीचा पत्ता आता मोबाईलवर आला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा ठिकाणी धंद्याचे पान काढले की त्याला आपल्या पसंतीचा एक शब्द पत्ता म्हणून घेता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. आणि फुकट मिळते म्हणूनच बहुतेक जण तो दोन मिनिटांत, विचार न करता घेऊन मोकळे होतात. पुढे त्याचा ताप होतो. तो होऊ नये म्हणून हा लेख.

पाटीचे काम आता पत्त्याकडे

आपल्या सभासदांच्या घरात आता निव्वळ ऊस राहिलेला नाही. कोणाचे गुऱ्हाळ आहे, कोणी काकवी बाटलीत भरून विकतो, कोणाच्या सूनबाईंनी बचत गटातून पापड-मसाल्याचा धंदा धरला आहे, तर कोणाचे पोरगे रोपवाटिका चालवते. घाटावरचा माल घाटाखाली उतरतो हा तर जुनाच रिवाज. माळशेज उतरला की मुरबाड आणि पुढे कल्याण. कसारा उतरला की शहापूर. तो मुलूख भाताचा आणि भाजीपाल्याचा. पण उन्हाळ्यात हमरस्त्यावरच्या रसवंत्यांना ऊस लागतो, आणि माहुलीचा किल्ला, भातसा धरण किंवा माळशेज पाहून परतणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या मंडळींना गूळ, काकवी, तांदूळ असे काहीतरी घरी न्यायचे असते. म्हणून या लेखातली उदाहरणे आम्ही भातसानगर, शहापूर आणि मुरबाड याच भागातली घेतली आहेत. विक्रीची जागा जिथे, तिथलाच विचार केलेला बरा.

आजवर रस्त्याकडेच्या धंद्याचा पत्ता म्हणजे पाटी. गाडीवाल्याने पाटी वाचली, गाडी बाजूला घेतली, गिऱ्हाईक आले. आता रस्तेच बदलत चालले आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. त्या रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणीच चढायचे आणि ठरलेल्या ठिकाणीच उतरायचे. वाटेत मनात आले म्हणून थांबणे नाही. जी गाडी त्या रस्त्याने जाईल तिला जुन्या महामार्गावरची आपली पाटी दिसणारच नाही. घरून निघतानाच आपले नाव मोबाईलवर सापडले असेल तरच ते गिऱ्हाईक वाट वाकडी करून येणार.

म्हशाच्या यात्रेत घोंगडीवाला कुठे बसला आहे हे चार माणसांना विचारत जाता येते. मोबाईलवर विचारायला माणूस नसतो. तिथे नाव नीट लिहिता आले तर दुकान सापडते. नाही तर शेजारचे दुकान सापडते.

पान कशाला म्हणायचे आणि पत्ता कशाला?

फेसबुकवर माणसाचे असते ते खाते आणि धंद्याचे किंवा संस्थेचे असते ते पान. पानाला एक नाव असते आणि एक पत्ता असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी लक्षात घ्यावे.

नाव म्हणजे दुकानावरची पाटी. ते मराठीत, देवनागरीत, ऐसपैस लिहिता येते आणि तसेच लिहावे. पत्ता मात्र 'फेसबुक डॉट कॉम', मग एक तिरकी रेघ आणि त्यापुढे इंग्रजी अक्षरांतला एक सलग शब्द असा असतो. मधे जागा सोडता येत नाही. हाच शब्द पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापायचा आणि फोनवर सांगायचा.

आपण शब्द निवडला नाही तर फेसबुक आपणहून एक लांबलचक आकडा देते. गोठ्यातल्या गाईच्या कानाला बारा आकडी बिल्ला असतो ना, तसाच हा प्रकार. सरकारी नोंदीला तो ठीक; पण हाक मारताना आपण कपिलाच म्हणतो. गिऱ्हाइकाला बिल्ल्याचा आकडा सांगून ते आपल्यापर्यंत पोहोचेल अशी आशा करू नये.

आकड्याचे आणि नावाचे हे भांडण जुने आहे. एकाच नावाची गावे अनेक, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक आणि भाषाही अनेक, यामुळे टपालाचे घोटाळे होत. ते मिटवण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी अधिकाऱ्याने सहा आकडी पिनकोडाची पद्धत आणली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. वेलणकर स्वतः संस्कृतचे कवी होते. पण टपाल सुरळीत व्हावे म्हणून त्यांनी आकड्यांचा आधार घेतला. उदाहरण शहापूरचेच घ्या. एक शहापूर आपल्या ठाणे जिल्ह्यात, एक बेळगावात, एक कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात. पोस्टमनला यातले नेमके कोणते हे पिनकोड सांगतो.

मोबाईलवर याच्या उलट झाले. यंत्र आकड्यावर चालते, माणसाला मात्र नाव हवे असते. म्हणून फेसबुकने १३ जून २००९ पासून आकड्याऐवजी नाव घेण्याची सोय केली. जो आधी येईल त्याला आधी, असा नियम होता. पहिल्या तीन मिनिटांत दोन लाखांहून अधिक नावे गेली. तो नियम आजही तसाच आहे. एक शब्द जगात एकालाच. 'भातसा' हा निव्वळ शब्द कोणी घेतला असेल तर आपल्याला तो मिळणार नाही, मग आपण धरणाच्या भिंतीला लागून राहत असलो तरी.

शेतकऱ्यांच्या संस्थेची दोन अक्षरे

पत्त्याला किंमत किती असते हे सांगणारी एक गोष्ट शेतकऱ्यांच्याच संस्थेची आहे. अमेरिकेत १९१९ पासून 'अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशन' ही शेतकऱ्यांची मोठी संघटना आहे. फार्म ब्यूरो, म्हणून 'एफ' आणि 'बी'. या दोन अक्षरांचा संकेतस्थळाचा पत्ता त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता. पुढे फेसबुक मोठे झाले आणि त्यांनाही 'एफ-बी डॉट कॉम' हवेसे वाटले. २०१० साली तो पत्ता फेसबुकला मिळाला. जानेवारी २०११ च्या वार्षिक अधिवेशनात फेडरेशनने सभासदांना सांगितले, की पत्त्यांच्या विक्रीतून ८५ लाख डॉलर आले. संघटनेचे स्वतःचे काम आजही 'एफ-बी डॉट ओआरजी' या पत्त्यावर चालू आहे.

आपल्या काकवीच्या पत्त्याला कोणी ८५ लाख डॉलर देणार नाही, हे उघड आहे. शिवाय तो संकेतस्थळाचा विकत घेतलेला पत्ता होता. फेसबुकवरच्या पानाचा पत्ता विकणे नियमात बसत नाही, त्यामुळे 'चांगला पत्ता विकत देतो' असे कोणी म्हणाले तर त्याच्या नादी लागू नये. गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच, की आखूड, सोपे आणि आपल्याशी जुळणारे नाव वेळेवर घेतलेले बरे.

साखर कारखान्याच्या सभासदाला अशा नव्या साधनांची भीती वाटण्याचे कारण नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात सुमारे ७० गावांसाठी संगणकाची केंद्रे उभी राहिली, आणि गावात बसून ऊसउत्पादकाला आपल्या वजनाची, पैशांची माहिती मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास त्यातल्या काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले गेले. त्या काळी अनेक शहरांतही हे नव्हते.

कानाने ऐकून बोटाने लिहिता आले पाहिजे

आता मुख्य काम : शब्द निवडणे. आमचा पहिला नियम असा, की पत्ता कानाने ऐकल्यावर बोटाला न विचारता लिहिता आला पाहिजे. मराठी नावांची खरी अडचण इथेच आहे.

'ऊस' घ्या. कोणी दोन 'ओ' लावून लिहील, कोणी नुसते 'यू-एस' लिहील. दुसरे लिहिले तर वाचणारा अमेरिका वाचेल. 'गूळ' कोणी 'यू' घालून लिहितो, कोणी दोन 'ओ' घालून. आणि 'ळ' तर इंग्रजीत नाहीच, त्यामुळे वाचणारा 'गुल' म्हणतो. 'काकवी'त 'व्ही' की 'डब्ल्यू', शेवटी एक 'आय' की दोन 'ई'? 'शेतकरी'चीही तीच गत.

गावांच्या नावांत हा घोळ आणखी आहे. 'शहापूर'च्या मधला 'ए' कोणी घालतो, कोणी गाळतो. शेवटी कोणी 'यू' लावतो, कोणी दोन 'ओ'. वासिंदच्या रेल्वे पाटीवर 'एस' आहे, पण वाशिंद म्हणणारे 'एस-एच' लिहितात. 'भातसा' सोपे वाटते, तरी इंग्रजीत 'ट' आणि 'त' एकच, त्यामुळे बाहेरचा माणूस 'भटसा' म्हणून मोकळा होतो. लिहिताना मात्र बहुतेक जण बी-एच-ए-टी-एस-ए असेच लिहितात, म्हणून हा शब्द पत्त्याला बरा.

शब्द जोडले की आणखी एक गंमत होते. 'साई मळा' सलग लिहिले की ते 'सैमाला' असे वाचले जाते. 'मुरबाड'च्या शेवटची तीन अक्षरे बी-ए-डी अशी येतात, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ वाईट. मुरबाडकरांना त्याचे काही वाटणार नाही. पण त्याला लागून लगेच 'गूळ' लिहिला तर मुंबईच्या इंग्रजी शाळेतले पोर हसून वाचेल. तेव्हा शब्द जोडून कागदावर लिहावा आणि घरातल्या शाळकरी पोराला मोठ्याने वाचायला लावावा.

याची परीक्षा सोपी आहे. पाच माणसांना फोन करा. दोन घरचे, दोन बाहेरगावचे, एखादा मुंबईचा पाहुणा. पत्ता एकदाच सांगा आणि लिहून परत पाठवायला सांगा. पाचांपैकी चारांनी तसाच लिहिला तर शब्द पक्का. दोघेही चुकले तर शब्द कितीही आवडता असो, सोडून द्या.

किती अक्षरे, कोणती अक्षरे?

प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे आहेत.

फेसबुकवर कमीत कमी पाच अक्षरे लागतात. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि टिंब एवढेच चालते. टिंब असले काय आणि नसले काय, फेसबुक तो एकच पत्ता धरते; मोठ्या आणि लहान लिपीतही फरक करत नाही. इन्स्टाग्रामवर तीस अक्षरांपर्यंत जाता येते आणि खालची आडवी रेघही चालते. यूट्यूबवर तीन ते तीस. पूर्वीचे ट्विटर म्हणजे आताचे एक्स, तिथे पंधराच्या वर अक्षरे चालत नाहीत.

हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. शब्द पाच ते पंधरा अक्षरांचा असावा आणि त्यात निव्वळ अक्षरे असावीत. टिंब नको, रेघ नको. असा शब्द या चारही ठिकाणी चालतो. सगळीकडे एकच पत्ता असला की पाटीवर एकदाच छापता येतो. म्हणून आज फक्त फेसबुकचे पान काढायचे असले तरी बाकी ठिकाणीही तो शब्द मोकळा आहे का ते पाहावे आणि मोकळा असेल तर त्याच दिवशी घेऊन ठेवावा.

आकडे शक्यतो टाळावेत. 'दोन' म्हणजे आकडा लिहायचा की शब्द, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो. सालही घालू नये. चार वर्षांनी धंदा जुना वाटतो. हवा तो शब्द मिळाला नाही म्हणून त्याच्यामागे एक, दोन, तीन असे आकडे लावण्यापेक्षा वेगळा शब्द शोधावा.

मालाचे नाव, गावाचे नाव की आपले नाव?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मालाचे नाव घालावे तर उद्या माल बदलतो. आज काकवी, दोन वर्षांनी पापडही. निव्वळ 'गूळ' असा सर्वसाधारण शब्द तर फेसबुक मान्यही करत नाही. गावाचे नाव घालावे तर ते ओळखीचे असावे. भातसानगर ही धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत; मुंबईच्या नळाला भातसाचे पाणी येते, त्यामुळे 'भातसा' हा शब्द मुंबईकराच्या कानावरून गेलेला असतो. प्रवरानगर, वारणानगर ही नावेही नदीवरूनच पडली आणि साखरेबरोबर सगळीकडे गेली. नदीचे नाव टिकाऊ.

जिल्ह्याचे नाव मात्र जपून घ्यावे. 'ठाणे' लिहिले की गिऱ्हाईक ठाणे शहर समजते आणि तिथे दुकान शोधते. शिवाय जिल्हे बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. वाडा, जव्हार, मोखाडा तिकडे गेले, शहापूर-मुरबाड इकडे राहिले. ज्या वाडेकराने पाटीवर 'ठाणे' रंगवले असेल त्याला पाटी पुन्हा रंगवता आली. पत्ता बदलणे तितके सोपे नाही.

आणि आपले नाव? धंदा एकट्याचा असेल तर आडनाव घालायला हरकत नाही. पण भाऊबंदकीचा विचार आधी करावा. सात-बाराचे पोटहिस्से पडतात. पत्त्याचे पडत नाहीत. दोन भाऊ वेगळे झाले तर पत्ता एकाकडेच जाणार, आणि गिऱ्हाईकही त्याच्याच मागे. गटाचा धंदा असेल तर अध्यक्षांचे किंवा सचिवांचे नाव कधीच घालू नये. पदे बदलतात.

आमच्या मते ओळखीचे एक ठिकाण आणि मालाचा किंवा गटाचा एक छोटा शब्द, अशी जोडी बहुतेकांना पुरते. नमुन्यादाखल 'भातसा' आणि 'काकवी' जोडून पाहा : इंग्रजीत अकरा अक्षरे होतात, फोनवर सांगता येतात, आणि गाडीतून जातानाही वाचता येतात.

दुसऱ्याच्या बांधाला लागून नांगर घालू नका

नावाजलेल्या मालाच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात असा एक दावा झाला. 'रेडिफ' या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या नावात एकच अक्षर बदलून दुसऱ्यांनी 'रॅडिफ' असा पत्ता घेतला होता. न्यायालयाने त्यांना तो वापरण्यास मनाई केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही 'सिफी'च्या प्रकरणात 'एफ' हे अक्षर दोनदा घालून घेतलेल्या पत्त्याविरुद्ध मूळ नावाच्या बाजूने निर्णय दिला. अशा पत्त्यालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण आहे, असे या निकालांतून स्पष्ट झाले.

गुळाच्या बाबतीत आणखी एक जपावे. 'कोल्हापुरी गूळ' या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडे केलेला गूळ त्या नावाने विकणे कायद्यात बसत नाही. मग ते नाव पाटीवर असो की पत्त्यात. आपल्या गुळाला आपलेच नाव द्यावे.

उलट बाजूही पाहावी. आपले नाव चालू लागले की कोणी एखादे अक्षर बदलून खोटे पान काढते, आपलेच फोटो लावते आणि आगाऊ पैसे मागते. म्हणून पिशवीवर, बिलावर आणि दुकानातल्या पाटीवर आपला खरा पत्ता मोठ्या अक्षरांत छापावा. खोटे पान दिसल्यास फेसबुकला तक्रार करावी. गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील तर त्याला उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांगावे.

किल्ली कोणाच्या खिशात?

आतापर्यंत नावाचे झाले. पण चांगला पत्ता घेऊनही तो हातातून जातो, तो इथे.

समजा, भातसानगरच्या बाजूच्या दहा बायकांनी मिळून पापडाचा गट काढला. मोबाईलमधले कोणालाच फारसे कळत नाही. मग अध्यक्षबाईंचा भाचा आला, त्याने स्वतःच्या खात्यावरून पान काढले, झकास पत्ता घेतला. दोन दिवाळ्या चांगल्या गेल्या. मग भाच्याला नोकरी लागली आणि तो पुण्याला गेला. त्याचा मोबाईल बदलला, पासवर्ड विसरला. पान दिसते आहे, गिऱ्हाईक ऑर्डर टाकते आहे, पण उत्तर द्यायला कोणाजवळ किल्ली नाही. पिशव्यांवर तो पत्ता छापलेला. भाच्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण गटाचे नाव त्याच्या खिशात राहिले.

सहकारात आपण तिजोरीची किल्ली एकट्याकडे ठेवत नाही. चेकवर दोन सह्या लागतात. हीच रीत इथे लावावी. पान उघडायला कोणा तरी माणसाचे स्वतःचे खाते लागतेच. पण पान झाल्यावर त्याचे पूर्ण नियंत्रण किमान दोघांना देता येते. ते त्याच दिवशी द्यावे. पानाला जोडलेला मोबाईल क्रमांक आणि ई-मेल गटाचा असावा. दुहेरी पडताळणी चालू करावी. आणि मासिक सभेत ठराव करून इतिवृत्तात लिहावे, की अमुक पत्ता संस्थेचा आहे, त्याचे नियंत्रण अमुक पदावरील दोघांकडे राहील आणि पद बदलले की नियंत्रणही बदलेल. पासवर्ड इतिवृत्तात लिहू नये.

'तुमचे पान बंद होणार आहे, या दुव्यावर जाऊन माहिती भरा' असे निरोप येतात. ते बहुतेक चोराचे असतात. मोबाईलवर आलेला सांकेतिक आकडा कोणालाही सांगू नये, मग तो फेसबुकचा माणूस आहे असे सांगो की बँकेचा.

हे घर भाड्याचे आहे

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फेसबुकवरचा पत्ता आपल्या मालकीचा नसतो. आपण तिथे कूळ आहोत, आणि तिथे कूळकायदा लागू नाही. नियम कंपनीचे. बराच काळ पानावर काहीच हालचाल नसेल तर पत्ता काढून घेतला जाऊ शकतो. आपण स्वतः पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर येणारे गिऱ्हाईक हुकते आणि छापलेल्या पिशव्या वाया जातात. इन्स्टाग्रामवर बहुधा चौदा दिवसांपर्यंत जुन्या नावाकडे परतता येते. त्यानंतर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो.

म्हणून धंदा जमू लागला, की संकेतस्थळाचा स्वतःचा पत्ता वर्षाचे पैसे भरून नोंदवावा. 'डॉट इन' आहेच. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळते. सहकारी संस्थांसाठी २००२ पासून 'डॉट कूप' हे खास शेपूट आहे. अमूलच्या एक्सवरच्या पत्त्यातही नावापुढे 'कूप' जोडलेले दिसते. असा पत्ता वेळेवर नूतनीकरण करेपर्यंत आपल्या ताब्यात राहतो. पण त्याची मुदत वहीत लिहून ठेवावी. सोसायटीचा हप्ता चुकवू नये तसाच हाही चुकवू नये.

थोडक्यात क्रम असा

१. घरात किंवा गटात बसून चार-पाच शब्द काढावेत. पाच ते पंधरा अक्षरे, टिंब-रेघ-आकडा नको.

२. प्रत्येक शब्द फोनवर पाच माणसांना सांगून लिहून घ्यावा. शाळकरी पोराकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

३. उरलेले शब्द फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्सवर मोकळे आहेत का ते पाहावे. दुसऱ्याच्या मालाच्या नावाजवळ जाणारा शब्द गाळावा.

४. जो सगळीकडे मोकळा आहे तो एकाच दिवशी सगळीकडे घ्यावा.

५. दोघांना पूर्ण नियंत्रण द्यावे, ठराव करावा, आणि त्यानंतरच पिशव्या छापायला टाकाव्यात.

पाचव्या कलमातला क्रम उलटा करू नये. छपाईवाल्याची घाई असते, आपली नसावी.

ज्या सभासदांचे पान आधीच आहे त्यांनी आजच मोबाईल हातात घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात : पत्त्यात नाव आहे की आकडा, आणि नियंत्रण एकाकडे आहे की दोघांकडे. आकडा असेल तर वरच्या क्रमाने नाव घ्यावे. नियंत्रण एकाकडेच असेल तर ते काम आधी करावे. नाव पुढच्या आठवड्यात घेतले तरी चालेल, पण किल्लीचे काम पुढच्या सभेवर ढकलू नये.

कळावे.